दुसऱ्या फळीतला गोलंदाज

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, डॅलस शहरालगत ग्रँड प्रेअरी नावाचे गाव आहे. २००८ साली तेथे बेसबॉलसाठी एक क्रीडांगण उभारण्यात आले. ‘एअरहॉग्ज’ नावाचा संघ त्यावर खेळत असे. हा संघ अमेरिकेतील प्रमुख स्पर्धेतला नव्हता. त्या स्पर्धेच्या बाहेर दुय्यम दर्जाच्या ज्या व्यावसायिक स्पर्धा चालतात, त्यांपैकी एकीत तो भाग घेई. २०१८ च्या हंगामात तर चीनच्या राष्ट्रीय संघातील खेळाडूही सरावासाठी या संघातून खेळले. पुढे संघ बंद पडला. मैदानाची नव्याने आखणी झाली, मधोमध खेळपट्टी आली आणि जुलै २०२३ मध्ये तेच क्रीडांगण क्रिकेटसाठी खुले झाले. त्यानंतर वर्ष पुरे होण्याच्या आत, ६ जून २०२४ रोजी, मुंबईत वाढलेल्या एका मराठी गोलंदाजाने या मैदानावर अमेरिकेच्या वतीने एक षटक टाकले आणि विश्वचषकाच्या सामन्यात पाकिस्तानचा पराभव केला.

वाचकहो, या गोलंदाजाचे नाव सौरभ नेत्रावळकर. त्यांच्या पराक्रमाची वर्णने त्या दिवसांत वृत्तपत्रांतून पुष्कळ आली आणि ती आपल्यापैकी अनेकांनी वाचलीही असतील. त्या वर्णनांची पुनरुक्ती करण्याचा येथे हेतू नाही. ज्याला पहिल्या फळीत जागा मिळाली नाही, अशा गुणी खेळाडूचे पुढे काय होते, हा प्रश्न त्यांच्या निमित्ताने आपल्यापुढे यावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे. कारण तो प्रश्न मैदानाइतकाच आपल्या घराघरांतलाही आहे.

प्रथम या ‘दुसऱ्या फळी’चा थोडा परिचय करून घेऊ. बेसबॉलच्या खेळात चेंडू फेकणाऱ्यास ‘पिचर’ म्हणतात. आपला गोलंदाज धावत येतो, कोपर न वाकवता चेंडू टाकतो आणि तो बहुधा जमिनीवर टप्पा घेऊन फलंदाजाकडे जातो. पिचर मात्र मातीच्या लहानशा उंचवट्यावर एका जागी उभा राहून, हाताला हवा तसा हिसका देऊन चेंडू फेकतो आणि तो जमिनीला न लागता फलंदाजापर्यंत पोहोचतो. आपली खेळपट्टी बावीस यार्डांची, म्हणजे सहासष्ट फुटांची. पिचर आणि फलंदाज यांच्यामधील अंतर साठ फूट सहा इंच. बाह्य रूप असे वेगळे असले, तरी मर्म एकच आहे. हवेतल्या हवेत चेंडूला वळण द्यावयाचे आणि पुढे काय येणार याचा थांग फलंदाजाला लागू द्यावयाचा नाही.

अमेरिकेत प्रमुख बेसबॉल स्पर्धेत तीस संघ आहेत. २०२१ पासून त्या प्रत्येकाच्या हाताखाली चार चार दुय्यम संघ खेळतात. म्हणजे एकूण एकशे वीस. त्यांच्याही खाली अगदी नवोदितांचे संघ निराळेच. शेकडो तरुण पिचर या पायऱ्यांवर वर्षानुवर्षे उभे असतात आणि त्यांतील थोडेच शेवटची पायरी चढतात. बाकीच्यांचे जीवन कष्टाचे. लांबलांबचे प्रवास आणि तुटपुंजे वेतन त्यांच्या वाट्याला येते. २०२३ साली या खेळाडूंच्या संघटनेने पहिला सामुदायिक करार केला, तेव्हा सर्वांत खालच्या पायरीवरील खेळाडूचे किमान वार्षिक वेतन ४,८०० डॉलरवरून १९,८०० डॉलर झाले. तत्पूर्वी त्याने आपला निर्वाह कसा केला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आपल्या देशातील दोन तरुण या पायऱ्यांवर उभे राहून आले आहेत. उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे मुळात भालाफेक करणारे. २००८ साली एका अमेरिकन गृहस्थाने भारतात वेगवान चेंडूफेकीची स्पर्धा भरविली, तीत हे दोघे पुढे आले. त्यापूर्वी त्यांनी बेसबॉलचा चेंडू हाती धरलेला नव्हता. अमेरिकेत काही महिन्यांचे शिक्षण झाल्यावर त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या नामांकित संघाने त्यांच्याशी करार केला आणि २००९ मध्ये ते नवोदितांच्या स्पर्धेत खेळू लागले. दिनेश पटेल २०१० च्या अखेरीस परतले. रिंकू सिंग यांनी आणखी काही पायऱ्या चढल्या, ऑस्ट्रेलियातही एक हंगाम खेळून पाहिला. परंतु दुखापतींनी हात धरू दिला नाही आणि अखेर ते कुस्तीच्या व्यावसायिक आखाड्याकडे वळले. प्रमुख स्पर्धेचे दार दोघांनाही उघडले नाही. म्हणून त्यांचे श्रम वाया गेले, असे मात्र म्हणता येणार नाही.

आता मुंबईकडे येऊ. तेथे पायऱ्यांची नावे वेगळी, चढण मात्र तशीच. शाळकरी मुलांसाठी गाइल्स आणि हॅरिस ढाली, पावसाळ्यात ओल्या खेळपट्ट्यांवर चालणारी कांगा लीग, मग कार्यालयांचे संघ, आणि या सर्वांच्या वर मुंबईचा रणजी संघ. बेचाळीस वेळा रणजी करंडक जिंकणाऱ्या या शहरात चांगला खेळाडू होणे पुरेसे नसते. आपली जागा रिकामी होण्याचा योगही यावा लागतो. डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांनी प्रथम दर्जाच्या सामन्यांत ५८९ बळी घेतले, परंतु त्यांच्याच काळात बिशनसिंग बेदी होते, आणि शिवलकरांना भारताकडून एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. २०१७ साली क्रिकेट नियामक मंडळाने त्यांना जीवनगौरव पुरस्कार देऊन त्यांच्या थोरवीची नोंद केली. २०२५ च्या मार्च महिन्यात ते निवर्तले. जुने जाणकार त्यांचे नाव आजही आदराने घेतात, आणि त्या आदरात थोडी हळहळ मिसळलेली असते.

नेत्रावळकर यांचा जन्म १६ ऑक्टोबर १९९१ चा. डावखुऱ्या मध्यमगती गोलंदाजीच्या बळावर ते भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघात आले आणि २०१० साली न्यूझीलंडमध्ये भरलेल्या विश्वचषकात खेळले. के. एल. राहुल, मयंक अगरवाल, जयदेव उनाडकट हे त्या वेळचे त्यांचे सोबती. भारतीय गोलंदाजांत सर्वाधिक बळी नेत्रावळकर यांचेच होते. तथापि उपउपान्त्य सामन्यात पाकिस्तानने भारतावर दोन गडी राखून मात केली. त्या पाकिस्तानी संघात बाबर आझम नावाचा एक मुलगा होता, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

त्या संघातील काहींना पुढे मोठी दालने खुली झाली. नेत्रावळकर मात्र अंधेरीच्या सरदार पटेल तंत्रज्ञान संस्थेत संगणक अभियांत्रिकीचा अभ्यास करीत राहिले. मुंबईकडे त्या सुमारास झहीर खान, धवल कुलकर्णी, शार्दूल ठाकूर अशी वेगवान गोलंदाजांची मांदियाळी होती. पदवी मिळाल्यावर त्यांनी दोन वर्षे क्रिकेटला द्यावयाचे ठरविले. डिसेंबर २०१३ मध्ये कर्नाटकाविरुद्ध रणजी सामन्यात त्यांना संधी मिळाली. मुंबईकडून रणजी करंडकातील त्यांचा तो एकच सामना. दोन वर्षे सरली आणि पुढची पायरी दृष्टिपथात येईना, तेव्हा त्यांनी कठोर निर्णय घेतला. २०१५ साली ते अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात उच्च शिक्षणासाठी रवाना झाले. खेळाडूंना आपल्या कामगिरीची नोंद आणि चिकित्सा करता यावी, असे एक संगणकीय साधन त्यांनी तत्पूर्वी तयार केले होते. विद्यापीठाच्या प्रवेशासाठी त्याचा उपयोग झाला. सामानात त्यांनी गोलंदाजीचे बूटसुद्धा घेतले नाहीत, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. याचा अर्थ उघड आहे. खेळ संपला, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

परंतु कला अंगात मुरलेली असली, म्हणजे ती अशी निरोप घेत नाही. शिक्षण संपवून २०१६ साली ते सॅन फ्रान्सिस्को परिसरात ओरॅकल या कंपनीत नोकरीस लागले. तेथे सुटीच्या दिवशी हौशी सामने चालत, पण चांगल्या खेळपट्ट्या दूर लॉस एंजेलिस शहरात. तेव्हा हे गृहस्थ शुक्रवारी कामावरून सुटल्यावर सुमारे सहा तास मोटार चालवीत लॉस एंजेलिसला जात, शनिवारी तेथे सामना खेळत आणि परतून रविवारी पुन्हा आपल्या गावी खेळत. भारतासारख्या देशात त्यांच्या जागेसाठी शेकडो उमेदवार होते, अमेरिकेत मात्र मुंबईच्या तालमीत तयार झालेला डावखुरा गोलंदाज दुर्मिळ. एखाद्या देशात सलग तीन वर्षे वास्तव्य केलेल्या खेळाडूस त्या देशाकडून खेळता येते, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. २०१८ च्या प्रारंभी वेस्ट इंडीजमधील स्पर्धेसाठी त्यांची अमेरिकेच्या संघात निवड झाली आणि त्याच वर्षी ते कर्णधार झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली एप्रिल २०१९ मध्ये नामिबियातील स्पर्धेत अमेरिकेने एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामने खेळण्याचा दर्जा संपादन केला. ज्याला आपल्या शहराच्या रणजी संघात दुसरा सामना मिळाला नाही, त्याने एका देशाच्या संघाला वरच्या पंक्तीत नेऊन बसविले!

अमेरिका आणि क्रिकेट ही जोडी वाचकांना विजोड वाटत असेल. वास्तविक या खेळाचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना १८४४ साली न्यूयॉर्क येथे अमेरिका आणि कॅनडा यांच्यात झाला होता. फिलाडेल्फियाचे बार्ट किंग तर मुळात बेसबॉल खेळणारे. क्रिकेटमध्ये आल्यावर त्यांनी पिचरची कला गोलंदाजीत उतरवली आणि हवेत अकस्मात आत वळणारा चेंडू सिद्ध केला. १८९७ साली इंग्लंडमध्ये ससेक्स संघाविरुद्ध त्यांनी अवघ्या १३ धावांत ७ गडी बाद केले. त्या सात जणांत आपले रणजितसिंहजी होते, तेही पहिल्याच चेंडूवर! १९०८ च्या दौऱ्यात ८७ बळी घेऊन किंग इंग्लंडच्या गोलंदाजी सरासरीत सर्वांच्या वर राहिले. त्यांच्या पिढीनंतर अमेरिकेत बेसबॉलने क्रिकेटला मागे सारले आणि शंभर वर्षे तो खेळ बहुतांशी परदेशातून आलेल्या लोकांनी उद्यानांतून जिवंत ठेवला. नेत्रावळकर हे त्याच परंपरेचे वारस होत.

आता त्या षटकाकडे वळू. पाकिस्तानने ७ बाद १५९ धावा केल्या होत्या. नेत्रावळकर यांनी आपल्या चार षटकांत १८ धावा देऊन दोन गडी बाद केले. अमेरिकेला शेवटच्या चेंडूवर पाच धावा हव्या होत्या. नितीश कुमार यांनी चौकार मारला आणि दोन्ही संघ बरोबरीत राहिले. अशा वेळी प्रत्येक संघ एकेक जादा षटक खेळतो. अमेरिकेने त्यात १८ धावा केल्या आणि १९ धावांचे लक्ष्य ठेवून चेंडू नेत्रावळकर यांच्या हाती दिला. पहिला चेंडू निर्धाव. दुसऱ्यावर इफ्तिखार अहमद यांचा चौकार. मग एक वाइड, आणि त्यानंतर इफ्तिखार झेलबाद. पुन्हा एक वाइड, पायाला लागून गेलेल्या चार धावा, मग दोन. शेवटच्या चेंडूवर सात धावा हव्या असता निघाली एकच. गेल्या विश्वचषकातील उपविजेत्या संघाला नवख्या अमेरिकेने पाच धावांनी हरविले. पाकिस्तानचे कर्णधार होते बाबर आझम; चौदा वर्षांपूर्वी न्यूझीलंडमध्ये जिंकलेल्या संघातला तोच मुलगा.

१२ जून रोजी न्यूयॉर्क येथे अमेरिकेची गाठ भारताशी पडली. नेत्रावळकर यांनी विराट कोहली यांना पहिल्याच चेंडूवर आणि रोहित शर्मा यांना तीन धावांवर बाद केले. बार्ट किंग आणि रणजितसिंहजी यांची आठवण यावी, असाच तो प्रसंग होता. पण खेळ माणसाला फार वेळ शिखरावर बसू देत नाही. त्याच सामन्यात मुंबईतील त्यांचे जुने सहकारी सूर्यकुमार यादव यांचा झेल नेत्रावळकर यांच्या हातून सुटला, सूर्यकुमार यांनी नाबाद अर्धशतक केले आणि भारत सात गडी राखून जिंकला. तरीही अमेरिका पुढील फेरीत पोहोचली आणि २०२६ च्या विश्वचषकात तिचा थेट प्रवेश निश्चित झाला. या धामधुमीत नेत्रावळकर कामाचा संगणक बरोबर बाळगीत आणि सामना संपल्यावर निवासस्थानी बसून कंपनीचे काम करीत, असे त्यांच्या बहिणीने सांगितले तेव्हा साऱ्या जगाला कौतुक वाटले.

येथे एक प्रश्न उभा राहतो. आमच्या रायपुरात, चौबे कॉलनीत, मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. छत्तीसगडचा स्वतंत्र संघ २०१६-१७ च्या हंगामापासून रणजी करंडकात खेळू लागला आणि नव्या रायपुरात आंतरराष्ट्रीय सामनेही होऊ लागले, तेव्हापासून येथल्या मुलांची स्वप्ने मोठी झाली आहेत आणि पालकांची चिंताही. शेजारच्या एका गृहस्थांनी नेत्रावळकरांचा वृत्तान्त वाचून आम्हांस विचारले, “पाहा, अभ्यास केला म्हणूनच त्याचे भले झाले ना? आमच्या चिरंजीवांना हेच सांगतो.” त्यांचे चिरंजीव बारावीत आहेत आणि सकाळ-संध्याकाळ चेंडू टाकतात. ते तेथेच उभे होते. ते म्हणाले, “पण काका, बाबा अर्धेच सांगतात. क्रिकेट खेळला म्हणूनच त्याचे नाव झाले ना?”

पितापुत्रांनी एकाच कथेचे दोन तुकडे करून आपापला वाटा उचलला होता. आम्हांस वाटते, दोघांचाही वाटा अपुरा आहे. केवळ अभ्यासाने ते षटक टाकले गेले नसते आणि केवळ खेळाच्या ध्यासाने २०१५ नंतरचा संसार उभा राहिला नसता. शिवाय त्यात दैवाचा भाग आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकेला गोलंदाजांची वाण नसती किंवा वास्तव्याचा नियम अधिक कडक असता, तर तितक्याच गुणाचा आणि तितक्याच कष्टाचा हा मनुष्य रविवारच्या सामन्यांपुरताच उरला असता. असे किती तरी गुणवंत उरतात. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना दार उघडले नाही, शिवलकरांनाही उघडले नाही. म्हणून ‘प्रयत्न केला की यश मिळतेच’ हे सोपे वचन मुलांच्या हाती देऊ नये. ते खरे नाही, आणि मुलांना ते लवकरच कळते.

मग द्यावे काय? नेत्रावळकरांच्या आयुष्यक्रमातून आम्हांस एक गोष्ट घेण्याजोगी दिसते. त्यांनी आपल्या आवडीला मुदत दिली. ती दोन वर्षे पुरतेपणी दिली, अर्ध्या मनाने नव्हे. मुदत संपल्यावर निर्णय त्यांनी स्वतः घेतला. तो त्यांच्यावर कोणी लादला नाही, म्हणून त्याची कडवट चव मागे राहिली नाही. कडवटपणा नव्हता, म्हणूनच परक्या देशात पुन्हा चेंडू हाती घेताना त्यांना संकोच वाटला नाही. ज्या मुलाचा खेळ घरच्यांनी रागाने तोडला, तो पुढे त्या खेळाकडे पाहतसुद्धा नाही; आणि ज्या मुलाला कोणी कधी थांब म्हटले नाही, त्याच्याकडे पाहण्याजोगे दुसरे काही उरत नाही. या दोहोंच्या मधली वाट अरुंद आहे, पण ती आहे.

शेजारच्या गृहस्थांना आम्ही म्हटले, चिरंजीवांशी बसून मुदत ठरवा. किती वर्षे, तोवर अभ्यास किती आणि खेळ किती, हे दोघांनी मिळून कागदावर लिहा आणि तोवर दोघांनीही तो शब्द पाळा. मुदत संपल्यावर निर्णय मुलाला घेऊ द्या. तो खेळ सोडील, तेव्हा त्याला ‘मी सांगत होतोच’ असे म्हणू नका.

आणि त्याचे बूट टाकून देऊ नका.